मदत हवी आहे : वर्गातला टॅब बोलायचा की बघायचा?

विशेष मुलांच्या वर्गाला शिकवते. आठ मुलं, दोन टॅब आणि एक जुना आयपॉड टच. (हो, अजून चालतो. चार्जरपासून फार लांब नेता येत नाही एवढंच.) आयपॉडवर गोष्टी ऐकवतो, त्याची कटकट नाही. प्रश्न टॅबचा, आणि तोही एकाच मुलाचा.

वय नऊ, स्वमग्न, तोंडाने दोन-तीनच शब्द येतात. आधी चित्रांची कार्डं होती, ती त्याने चावून संपवली. मग टॅबवर अ‍ॅप घेतलं : चित्रावर बोट ठेवलं की टॅब तो शब्द बोलतो. 'पाणी', 'बाहेर', 'नको' व्यवस्थित मागतो. 'नको' तर विचारूच नका.

त्याच टॅबवर मी हात धुण्याचा दोन मिनिटांचा व्हिडिओ टाकला. वर्गातलंच बेसिन, वर्गातलाच मोठा मुलगा, पालकांची परवानगी घेऊन. बघून करायला शिकेल, असा हिशोब. झालं भलतंच. नळ बंद केल्यावर शेवटचा थेंब टपकतो ना, तेवढाच त्याला हवा. मागे, थेंब. मागे, थेंब. बोट अगदी नेमकं तिथेच नेतो. हात धुवायला उठायचं नावच नाही. आता बोलायचं अ‍ॅप उघडून दिलं तरी त्यातून बाहेर पडून थेंब गाठतो. टॅब काढून घेतला की लोळण.

सहकारी बाई म्हणतात, नीट वागेपर्यंत टॅब कपाटात. मला पटत नाही, पण दुसरं सुचतही नाही. टॅब एकाच अ‍ॅपवर अडकवता येतो का? व्हिडिओ बंदच करू का? वेळ संपली हे त्याला कसं कळवायचं?

प्रतिसाद १

आधी कपाटाचं. बडबड्या मुलाच्या तोंडाला शिक्षा म्हणून चिकटपट्टी लावाल का? मग याचाही टॅब काढायचा नाही. मी वाचा-उपचार करते, हे भांडण दर वर्षी भांडते.

बोलायचा टॅब वेगळा करा, त्यात दुसरं काही ठेवू नका. व्हिडिओ आयपॉडवर हलवा. आयपॅड असेल तर सेटिंग्जमध्ये अ‍ॅक्सेसिबिलिटीखाली 'गायडेड अ‍ॅक्सेस' आहे, २०१२ पासून; टॅब एकाच अ‍ॅपवर अडकवायची सोय. ते सुरू करून अ‍ॅप उघडायचं आणि बटण तीनदा दाबायचं. अँड्रॉइडला ५.० आवृत्तीपासून स्क्रीन पिन करता येते, म्हणजे तेच अ‍ॅप समोर अडकून राहतं, फक्त पिन काढताना पासवर्ड मागेल असं ठेवा. नाहीतर मुलं दोन दिवसांत शोधून काढतात.

आणि चित्रांच्या जागा बदलू नका. शब्द कुठे आहे हे बोटाला पाठ होतं, जागा हलली की मूल मुकं. तुम्हीही बोलताना चित्रं दाबून दाखवा. बॅटरी संपेल तेव्हासाठी त्याच पानाची छापील प्रत जवळ असू द्या.

प्रतिसाद २

व्हिडिओ बंद नका करू, लांबी कमी करा. दोन मिनिटं फार होतात. नळ उघडणं, साबण, चोळणं, असे दहा-दहा सेकंदांचे तुकडे पाडा. बाकावर बसवून दाखवू नका, बेसिनपाशी उभं करून दाखवा : एक तुकडा, लगेच तेवढी कृती. थेंबाचा तुकडा मात्र उडवून टाका. थेंब हवा असेल तर खऱ्या नळाचा, तोही हात धुऊन झाल्यावर!

वेळेसाठी लाल चकती आक्रसत जाणारा टायमर लावा, आणि 'आधी हात, मग थेंब' असं दोन चित्रांचं कार्ड. तोंडी 'पाच मिनिटं' म्हणून काही उपयोग नाही.

धागाकर्ती

दोघींचे आभार. टॅब वेगळा केला, व्हिडिओचे तुकडेही पाडले. पहिले तीन दिवस लोळणच. आज साबण टाळून थेट नळ बंद करायला गेला, पण गेला तरी! थेंब पडल्यावर टॅब ओढून घेतला आणि पानं उलटत राहिला. त्याला हवं होतं ते चित्र तिथे नव्हतंच. 'थेंब' कुठल्या पानावर टाकू?

प्रतिसाद १

पहिल्याच. रिकाम्या चौकटीत. 'नको' जिथे आहे तिथेच राहू दे.