रनिंग शूज लांबीला बसतात पण चवड्यात आवळतात, काय करावं?

भाट्ये_सकाळ (रत्नागिरी)

नमस्कार मंडळी. आठवड्यातून तीन-चार सकाळी पळते. मांडवीवरून निघायचं, भाट्याचा पूल ओलांडून बीचवर, ओहोटी असेल तर ओल्या वाळूवरून नाहीतर सरळ रस्त्याने, आणि येताना थिबा पॅलेसच्या बाजूने चढून परत उतार. पळायचा त्रास काहीच नाही, त्रास आहे तो बुटांचा. लेडीज ६ नंबर घातला की पुढे जागा बरोबर वाटते पण करंगळीच्या बाजूने इतका आवळतो की थोडं पळून झालं की चवडा बधिर होतो आणि फोड येतो तो वेगळाच. दुकानात सांगितलं की म्हणतात ताई एक नंबर मोठा घ्या, पळायला मोठाच लागतो. ७ घातला तर टाच आत वरखाली होते, उतारावर पाय पुढे सरकून अंगठा आपटतो, नख काळं पडलंय. लेस आवळून बांधली तर पायाच्या वरच्या हाडावर वळ उठतो.

घरी कागदावर पाऊल आखून मोजलं, डावं २४.२ आणि उजवं २४.६ सेंमी. चवडा रुंद आमच्या घरात सगळ्यांचाच. इथे दुकानात ज्या दोन-तीन जोड्या असतात त्यातूनच निवडावं लागतं आणि ऑनलाइन मागवायचं तर नंबरचा भरवसा नाही. बजेट पाच हजारांपर्यंत. रुंद पायवाल्यांनी प्लीज सांगा.

घाटउतार (संगमेश्वर)

ताई तुमचा ६ नंबर लांबीला कदाचित ठीकच असेल, कमी पडतेय ती रुंदी, आणि रुंदी नंबर वाढवून मिळत नाही. आपल्याकडचा यूके नंबर एकाने वाढला की बूट एक तृतीयांश इंच म्हणजे साधारण साडेआठ मिमी लांब होतो, पण चवड्याची रुंदी त्यामानाने फारच थोडी वाढते. म्हणजे करंगळीला हवी ती जागा मिळत नाही आणि नको ती जागा अंगठ्यापुढे मिळते. शिवाय बूट जिथे वाकायला हवा ती जागाही पुढे सरकते. आपला पाय चवड्याच्या सांध्यात वाकतो, लांब बूट त्याच्या पुढे वाकतो, मग टाच उचलणारच. लेस कितीही आवळा.

रुंदीला वेगळी खूण असते आणि इथले दुकानदार ती सांगत नाहीत, बऱ्याच जणांना माहीतच नसते. बायकांच्या बुटात नॉर्मल रुंदी बी, रुंद म्हणजे डी. पुरुषांच्यात नॉर्मलच डी असते, रुंद २ई आणि त्याहून रुंद ४ई. खोक्यावर किंवा बुटाच्या जिभेच्या (लेसखालची पट्टी) आतल्या लेबलवर बघा. काहीच लिहिलं नसेल तर नॉर्मल समजायचं.

आणि नंबर सोडा, सेंमी बघा. पुरुषांचा यूके ८ घ्या, आदिदासच्या लेबलवर २६.५, नाइकीच्या २७, असिक्सच्या २७.५. नंबर तोच आणि एक सेंमीचा फरक! तुम्ही मोठ्या पायाचं माप धरा, २४.६, त्यात अर्धा ते एक सेंमी मिळवा, म्हणजे २५ ते २५.५ चं लेबल शोधा. घालून उभं राहिल्यावर सगळ्यात लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा हवी. काहींचं अंगठ्याशेजारचं बोट लांब असतं, त्यांनी तिथून मोजायचं.

मालवणचो_झील

माका पण ह्योच त्रास. पाय पसरट, बूट अरुंद. दुकानात गेल्यावर एक काम करा, बुटातलो इनसोल, म्हणजे आतली सुटी गादी, भायर काढा, खाली ठेवा आणि त्यावर उभे ऱ्हवा. करंगळी इनसोलच्या भायर गेली तर तो बूट तुमचो न्हय, दुकानदार कितीय सांगांदे की वापरान सैल होतलो.

घाटउतार (संगमेश्वर)

+१००, इनसोलची ट्रिक सगळ्यात बेस्ट, दोन मिनिटांत कळतं. फक्त संध्याकाळी जा. दिवसभर उभं राहून पाय थोडा सुजतो, आपल्याकडच्या दमट हवेत तर जास्तच, आणि पळतानाही सुजतो. सकाळी अकराला बरोबर बसलेला बूट पळताना आवळतो. मोजेही पळायचेच घालून जा.

पेपरवाचक (चिपळूण)

पाय रुंद असणं हा तुमच्या पायाचा दोष नाहीये हे आधी डोक्यातून काढा. चेन्नईच्या सीएलआरआयने (केंद्रीय चर्म संशोधन संस्था) डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ मध्ये देशभरात ७९ ठिकाणी एक लाखाहून जास्त लोकांचे पाय स्कॅन केले, त्यात भारतीयांचे पाय युरोप-अमेरिकेतल्यांपेक्षा रुंद निघाले. त्यावरून 'भा' नावाची आपली स्वतःची मापपद्धत सुचवली आहे. आपण अजून ब्रिटिशांनी आणलेल्या नंबरातच पाय कोंबतोय, आणि बायकांच्या बुटात तर ते जास्तच जाणवतं. माझ्या बायकोला बुटामुळे चालणं सोडायची वेळ आली होती म्हणून इतकं पोटतिडकीने लिहितोय.

भरती२०००_नाही_१६०० (लांजा)

मध्येच विचारतो सॉरी, पोलीस भरतीची तयारी चालू आहे, १६०० मीटरसाठी बूट एकदम फिट घ्यायचे का? आमच्या ग्रुपमधली पोरं म्हणतात पायाला चिकटलेला पाहिजे.

घाटउतार (संगमेश्वर)

भावा १६०० ला थोडा स्नग चालतो पण तू रोज प्रॅक्टिस किती करतोस ते बघ, ती पाच-सात किमीची असेल तर त्या बुटात अंगठ्यापुढे जागा पाहिजेच. चिकटलेला हवा तो मधल्या भागात आणि टाचेला. बोटं आत हलली पाहिजेत. आणि भरतीच्या आदल्या दिवशी नवीन बूट घेऊ नकोस, आधी दोनेक आठवडे वापर.

कुलाबा_रनर (अलिबाग)

बीचवर बूटच कशाला ताई, ओल्या कडक वाळूवर अनवाणी पळा, मी तेच करतो.

भाट्ये_सकाळ (रत्नागिरी)

अनवाणी करून बघेन पण रस्त्यावर आणि जांभ्याच्या पायऱ्यांवर बूट लागणारच ना. @घाटउतार, लेडीजमध्ये डी रुंदी इथे कुठेच दिसत नाही हो, ऑनलाइन पण या बजेटमध्ये मिळत नाहीये. मग?

घाटउतार (संगमेश्वर)

मग जेंट्स बघा, बिनधास्त. त्यांची नॉर्मल डी म्हणजेच लेडीजमधली रुंद. सेंमी जुळवून घ्या, रंग थोडे कंटाळवाणे असतात एवढंच. लहान नंबर सगळ्या मॉडेलमध्ये नसतात, म्हणून २५ किंवा २५.५ चा फिल्टर लावून शोधा आणि रिटर्न आहे ना ते बघून दोन साइझ मागवा, घरातच फरशीवर चालून बघा, एक परत करा.

एक अडचण येऊ शकते, जेंट्स बुटाची टाचही थोडी रुंद असते. त्याला उपाय आहे. घोट्याजवळ सगळ्यात वर जे एक जादा भोक असतं आणि आपण कधीच वापरत नाही, त्यात लेस त्याच बाजूने आत घालून छोटा लूप करायचा, दोन्हीकडे, मग समोरची लेस त्या लूपमधून ओढून गाठ मारायची. टाच जागेवर बसते आणि पुढचं आवळावं लागत नाही. थिबा पॅलेसच्या उताराला याचाच फरक पडेल. आणि वळ उठतो म्हणालात ना, त्या हाडावर लेसचा क्रॉस घेऊच नका, तिथे दोन्ही बाजूंनी सरळ वरच्या भोकात न्या.

अनवाणीचं म्हणाल तर सुरुवातीला अगदी थोडं, पोटऱ्यांवर ताण येतो. आणि बीच समुद्राकडे उतरता असतो, एकाच दिशेने पळत गेलात तर एक पाय कायम खाली राहतो, म्हणून जितकं जाल तितकं त्याच पट्टीवरून परत या.

मालवणचो_झील

खाऱ्या पाण्यात भिजले तर गोड्या पाण्यान धुवा, आत पेपर कोंबा आणि सावलीत सुकवा. चुलीजवळ ठेवलात तर सोलचो गोंद सुटतलो.

भाट्ये_सकाळ (रत्नागिरी)

सगळ्यांचे मनापासून आभार. आत्ताच जुन्या ६ चा इनसोल काढून त्यावर उभी राहिले, करंगळी पूर्ण बाहेर! जेंट्स २५ आणि २५.५ दोन्ही मागवतेय, आले की फिटिंग लिहिते इथेच. @पेपरवाचक वहिनींना पण इनसोलवर उभं राहायला सांगा.