मदत हवी आहे: आंबवलेला मका डुकरं खाईनात

सिल्लोड_वराह: परतीच्या पावसात मका भिजला. वाळवायला जागा नाही, व्यापारी भाव पाडतोय. दाणे भरडून निळ्या ड्रमात दाबून भरले, झाकण लावलं. ड्रम फोडल्यावर सुरुवातीला डुकरं तुटून पडली, आता हुंगून बाजूला होतात. वजनही वाढेना. काय मिसळू? लवकर सांगा.

हिरवाचारा: मुरघास (हवाबंद आंबवलेला चारा) म्हणजे गूळ आणि युरिया टाकाच. आमच्या गायी वर्षभर खातात.

पशुवैद्य_मराठवाडा: युरिया नको! तो गाईच्या पोटातल्या जंतूंना लागतो, डुकराला त्याचा काही उपयोग नाही. आणि हा चाऱ्याचा मुरघास नाही, नुसत्या दाण्यांचा आहे. दादा, ओलावा किती होता? किती दिवस बंद ठेवला? ड्रम केवढा, डुकरं किती? हात घातला तर गरम लागतो का?

रोखठोक: कशाला एवढा खटाटोप? मका वाळवा, इथेनॉलवाल्यांना द्या. डुकरांना हॉटेलचं उरलंसुरलं घाला, फुकट मिळतं.

पशुवैद्य_मराठवाडा: वाळवायला जागा नाही, हे पहिल्याच ओळीत लिहिलंय. आणि हॉटेलचं खरकटं न उकळता घालणं म्हणजे आफ्रिकन स्वाइन फिव्हरला आमंत्रण. २०२० मध्ये आसाम-अरुणाचलात शिरलेला रोग आहे तो, त्यावर औषध नाही.

रोखठोक: आम्ही वर्षानुवर्षं घालतो, काही झालं नाही.

सिल्लोड_वराह: भांडू नका, माझं सांगा. ओलावा मोजला नाही, नख रुतत होतं. महिनाभर बंद होता. ड्रम २०० लिटरचा, डुकरं बारा, त्यात दोन गाभण. गरम लागतो, वास दारूसारखा. कोरड्या मक्याऐवजी किलोला किलो हाच देतोय, सोयापेंड पहिल्याएवढीच.

पशुवैद्य_मराठवाडा: मग दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गरम आणि दारूचा वास म्हणजे हवा लागून यीस्ट वाढलंय. बारा डुकरांना २०० लिटरचा ड्रम संपेपर्यंत तो रोज उघडा पडतो. पुढच्या वेळी लहान ड्रम भरा. दुसरं, वजन. कोरड्या मक्यात सुमारे १२ टक्के पाणी असतं, तुमच्यात ३२ धरू. म्हणजे १०० किलो कोरड्याच्या जागी साधारण १३० किलो ओला लागतो. किलोला किलो दिल्यावर डुकराच्या पोटात जवळजवळ पाव भाग दाणा कमी जातोय.

दूधगंगा: आंबवण्याचा फायदाही लिहा ना. दाण्यातला फॉस्फरस डुकराला जास्त लागू पडतो, खनिज मिश्रणातला थोडा कमी करता येतो. ब्राझीलमध्ये कोरडा मका भरडून, पाणी घालूनही असं करतात.

सिल्लोड_वराह: ते नंतर. ड्रममध्ये कडेला निळसर बुरशीही दिसतेय. तेवढी काढून बाकीचं घालू का?

पशुवैद्य_मराठवाडा: गाभण माद्यांना त्या ड्रममधलं काहीच नको. बुरशीच्या विषानं गर्भ जाऊ शकतो. माज नसताना कुणाची योनी सुजलेली दिसते का, तेही बघा. बाकीच्यांनाही आज तरी नको. दुसरा ड्रम फोडाल तेव्हा रोज पूर्ण वरचा थर काढा, प्लास्टिक घट्ट दाबा, आणि काढलेला तेवढाच मका सोयापेंडीत घालायच्या वेळीच कालवा.

सिल्लोड_वराह: मग आज रात्री गाभण माद्यांना काय घालू?

पशुवैद्य_मराठवाडा: कोरडा मका भरडून, सोयापेंड आणि खनिज मिश्रण. शेजाऱ्याकडून आठवडाभराचा मका उसना मिळतो का पाहा.