मदत हवी आहे: गेम नाईटला ३५ जण, प्रोजेक्टला ६. काय करू?

नमस्कार मंडळी,

मी आमच्या एका छोट्या युथ क्लबची सेक्रेटरी आहे, दोन वर्षं झाली. ग्रुपवर ४२ जण आहेत, काही कॉलेजला, काही नुकतेच नोकरीला लागलेले. कुठल्या मोठ्या संस्थेशी जोडलेलो नाही, आमचं आम्हीच चालवतो.

प्रॉब्लेम असा की गेम नाईट, ट्रेक असलं काही ठरलं की ३०-३५ जण हजर आणि रविवारी सकाळी वृद्धाश्रमात जायचं म्हटलं की तेच सहा चेहरे, मागच्या रविवारी तर चौघंच होतो. तिथे आम्ही पेपर, पुस्तकं वाचून दाखवतो, फॉर्म भरून देतो, नातवंडांना व्हिडिओ कॉल लावून देतो. एक आजी आहेत, त्यांना आता फारसं दिसत नाही, त्या आम्ही यायच्या आधीपासूनच पुस्तक मांडीवर घेऊन बसलेल्या असतात आणि मागच्या वेळी जिथे थांबलो त्या पानात रुमाल घातलेला असतो. त्यांना वाचून दाखवणारा मुलगा तीन रविवार आलाच नाही. मी पुस्तक हातात घेतलं तर म्हणाल्या, "ते राहू दे ग, तो आला की वाचू पुढचं, तू मला पेपर वाच." मला काय बोलावं तेच सुचेना, रुमाल होता तिथेच ठेवला.

मध्यंतरी आम्ही नियम केला की तीन प्रोजेक्ट केल्याशिवाय ट्रेकला यायचं नाही. त्याने आलेले लोक कोपऱ्यात मोबाईल बघत बसले, हजेरी लावली, गेले. आणि एकजण क्लब सोडूनच गेला, नंतर कळलं की त्याचे वडील आजारी होते आणि रविवारी त्यांच्याजवळ थांबायला दुसरं कोणी नव्हतं. आमच्यापैकी एकानेही त्याला विचारलं नव्हतं, मीसुद्धा नाही. हे मला अजून खातंय. नियम मागे घेतला.

आता कमिटीतले काही म्हणतात की फेलोशिपचे, म्हणजे गेम नाईट-ट्रेकसारखे मैत्रीचे कार्यक्रमच बंद करा. मला ते पटत नाही कारण मी स्वतः ट्रेकमुळेच क्लबात आले. माझी एक मैत्रीण रोटरॅक्टमध्ये आहे, १९६८ साली रोटरीने तरुणांसाठी सुरू केलेले क्लब, त्यांचं ब्रीदच 'फेलोशिप थ्रू सर्व्हिस' आहे, म्हणजे सेवा करता करता मैत्री. आमच्याकडे मात्र मैत्री एकीकडे आणि सेवा दुसरीकडे अशी वाटणी झालीये. ज्यांनी क्लब चालवलाय त्यांनी प्लीज सांगा, हे दोन्ही एकत्र कसं आणायचं?

प्रतिसाद १:
ताई, ग्रुपवर "रविवारी कोण कोण येणार?" असा मेसेज टाकता का? तो आधी बंद करा. ४२ जणांना एकदम विचारलं की प्रत्येकाला वाटतं दुसरा कोणी जाईल. डार्ली आणि लाताने या मानसशास्त्रज्ञांनी १९६८ मध्येच प्रयोग करून दाखवलं होतं की जितके जास्त लोक हजर तितका एकेकटा माणूस मदतीला कमी पुढे येतो. एकेकाला फोन करा आणि नेमकं काम सांगा, "अमुक आजोबांचा फॉर्म तू भरशील का?" असं. आणि दर रविवारी तेच सहा जण गेले की ते थकतात, मग तेही गळतात, तेव्हा त्यांना आलटून पालटून सुट्टी द्या.

प्रतिसाद २:
मी बरीच वर्षं लिओ क्लबात, म्हणजे लायन्स क्लबच्या तरुणांसाठीच्या क्लबात होतो. आम्ही नवीन मेंबरला पहिले काही वेळा एकटं पाठवायचो नाही, जुन्या मेंबरबरोबर जोडीने पाठवायचो, म्हणजे ओळख कामातच व्हायची. काम दीड तासात संपवायचं आणि नंतर अर्धा तास सगळ्यांनी एकत्र बसून गप्पा मारायच्या, लगेच पांगायचं नाही. आमची खरी दोस्ती त्या अर्ध्या तासात झाली. तुमची गेम नाईट एकदा वृद्धाश्रमातच का नाही करत? कॅरम, पत्ते आजीआजोबांना आपल्यापेक्षा चांगले येतात. आणि ज्याचे वडील आजारी होते त्याला क्लबात परत ये म्हणू नका, नुसतं भेटायला जा.

मूळ प्रश्न विचारणारी:
दोघांचे खूप आभार. त्याच्याकडे उद्या संध्याकाळी जातेय, कमिटीतले दोघं बरोबर आहेत. आणि आजींना वाचून दाखवणाऱ्या मुलाला आजच फोन केला. एक रविवार कामामुळे चुकला, मग कुठल्या तोंडाने जाऊ असं वाटून पुढचे दोन गेले म्हणाला. रुमालाचं सांगितलं तर जरा वेळ गप्पच झाला, मग विचारलं, "कितव्या पानावर आहे?" मी पाहिलंच नव्हतं. म्हणाला, रविवारी बघतो.