एनटी-प्रोबीएनपी 2900 होता, आता बीएनपी 640. पेढे वाटून झाले, मग शंका आली

बार्शीकरीण
अण्णांच्या (सासरे, वय 71) हृदयाचं पंपिंग 30 टक्के. दिवाळीनंतर दम लागून रात्र रात्र बसून काढायचे, म्हणून सोलापूरला अ‍ॅडमिट केलं. घरी सोडताना एनटी-प्रोबीएनपी (हृदयावरचा ताण दाखवणारी रक्ततपासणी) 2900 होता. सॅक्युबिट्रिल-वल्सार्टन ही हृदयाची गोळी सुरू आहे. परवा इथल्या लॅबमध्ये रक्त दिलं तर 640! सासूबाईंनी संध्याकाळीच गल्लीत पेढे वाटले. रात्री कागद नीट बघितला तर वर नुसतं 'बीएनपी'. आणि मोज्यांचे वळ पायावर उठतात ते तसेच. खरंच कमी झालंय का? दर महिन्याला करावी का ही तपासणी? स्वस्त नाही हो.

लॅबवाला_22वर्षं
ताई, पेढे गेले ते गेले, पण हे दोन आकडे शेजारी मांडू नका. हृदयाच्या भिंतीवर ताण आला की एक प्रथिन तयार होतं, त्याचे दोन तुकडे पडतात. एक बीएनपी, दुसरा एनटी-प्रोबीएनपी. दुसरा रक्तात जास्त वेळ टिकतो, म्हणून त्याचा आकडा मुळातच मोठा. त्यात अण्णांची गोळी बीएनपी मोडणारं एन्झाइमच अडवते, त्यामुळे गोळी लागू पडत असली तरी बीएनपी चढलेला दिसू शकतो. एनटी-प्रोबीएनपीला ते एन्झाइम हात लावत नाही. या गोळीवर तोच करा, शक्यतो एकाच लॅबमध्ये. आमच्याकडे लोक "ते हृदयाचं रक्त" म्हणतात आणि चिठ्ठी घरी विसरतात!

तीन_उशा
माझं पंपिंग 35, सहा वर्षं झाली. पहिल्या वर्षी आकड्यापायी वेडा झालो होतो. 1400 आला की झोप उडायची, 1150 आला की श्रीखंड. डॉक्टर म्हणाले, काका, दहा-वीस टक्के तो असाच हलतो. किडनी बिघडली, ठोके अनियमित झाले तरी वाढतो, जाड माणसात कमी दिसतो. अमेरिका-कॅनडात 894 पेशंटवर करून पाहिलं, 2017 साली निकाल आला. एनटी-प्रोबीएनपी 1000 च्या खाली आणायचाच असं धरून औषधं दिली, तरी नेहमीच्या उपचारांपेक्षा जास्त फायदा दिसला नाही. दम हृदयाचा की फुफ्फुसाचा हे ठरवायला तपासणी उत्तमच. दरमहा मात्र मी करत नाही, डॉक्टर म्हणतील तेव्हा करतो. त्या पैशात वजनकाटा घ्या. सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी. तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर अंगात पाणी साठतंय, डॉक्टरांना फोन. मोज्यांचे वळ आहेत म्हणता, म्हणजे पायावर सूज आहे, तर फोन आजच करा.

बार्शीकरीण
फोन केला. लघवीची गोळी वाढवली, पंधरा दिवसांनी एनटी-प्रोबीएनपी सांगितलाय. काटाही आणला. काल 58.3, आज 57.6. लोणच्याची बरणी माझ्या खोलीत आली आहे. अण्णा माझ्याशी बोलत नाहीत.