२०२४ चा टेनिस हंगाम: नुसती विजेतेपदे मोजून ‘वर्ष कोणाचे’ हे ठरत नाही

लालमाती (धागाकर्ते, डिसेंबर २०२४)

परवा या मंचावर इटलीच्या यानिक सिनरबद्दल ‘२०२४: वर्ष सिनरचे’ अशी दहा कलमांची यादी आली. ७३ विजय, अवघे ६ पराभव, ८ विजेतेपदे, त्यांत मेलबर्न (ऑस्ट्रेलियन ओपन) आणि न्यूयॉर्क (अमेरिकन ओपन) ही दोन ग्रँड स्लॅम, म्हणजे सर्वांत मोठ्या चार स्पर्धांपैकी दोन, ट्यूरिनची वर्षअखेरची स्पर्धा एकही सेट न गमावता, आणि वर देशादेशांमधला डेव्हिस करंडक. आकडे सगळे खरे आहेत, त्यांच्याशी माझे भांडण नाही. भांडण आहे ते यादीच्या शेवटच्या वाक्याशी: ‘बाकीच्यांनी उरलेसुरले वाटून घेतले.’ हे वाक्य वाचून आलेला राग दोन दिवसांतही उतरला नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

त्या ६ पराभवांपैकी ३ एकट्या स्पेनच्या कार्लोस अल्कराझच्या हातून झाले. इंडियन वेल्सच्या उपांत्य फेरीत पहिला सेट १-६ असा गमावूनही तो जिंकला, पॅरिसच्या उपांत्य फेरीत पाच सेटमध्ये जिंकला, आणि बीजिंगच्या अंतिम सामन्यात निर्णायक टायब्रेकमध्ये (६-६ झाल्यावर सेट ठरवणाऱ्या खेळात) ०-३ असा मागे असताना त्याने सलग सात गुण घेतले. म्हणजे दौऱ्यावर वर्षभरात तीन वेळा गाठ पडली आणि तिन्ही वेळा सिनर हरला. शिवाय ९ जूनला पॅरिसच्या मातीवर आणि १४ जुलैला विम्बल्डनच्या गवतावर, म्हणजे पाच आठवड्यांच्या अंतराने, दोन्हीकडे अल्कराझच विजेता होता. याला कोणी उरलेसुरले म्हणत असेल तर त्याने हा हंगाम पाहिला नाही, फक्त त्याचे निकालपत्रक वाचले.

आणि ४ ऑगस्ट यादीत कितव्या क्रमांकावर आहे? नवव्या! जूनच्या सुरुवातीला ज्या पॅरिसमध्ये सर्बियाच्या नोव्हाक जोकोविचच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली, त्याच शहरात दोन महिन्यांनी, ३७ व्या वर्षी, त्याने ऑलिंपिकचा अल्कराझविरुद्धचा अंतिम सामना ७-६, ७-६ असा जिंकला. पावणेतीन तासांहून जास्त खेळात दोघांपैकी एकाचीही सर्व्हिस भेदली गेली नाही. शेवटचा फोरहँड कोपऱ्यात पडला आणि हा माणूस मातीवर गुडघे टेकून रडू लागला, तेव्हा त्याचे हात थरथरत होते. चोवीस ग्रँड स्लॅम जिंकलेल्या माणसाचे हात इतके थरथरताना मी कधी पाहिले नव्हते. त्या हंगामात त्याने जिंकलेली ती एकमेव स्पर्धा. मला विचाराल तर वर्षाचे शिखर ते.

आकडेमोड

ती यादी माझी आहे, तेव्हा उत्तर देणे मला भाग आहे. हंगाम अकरा महिन्यांचा असतो, एका दुपारचा नसतो. ज्या अल्कराझचे आपण गुणगान करता तो अमेरिकन ओपनच्या दुसऱ्याच फेरीत बिगरमानांकित बोटिक व्हॅन डी झँडस्कल्पकडून सरळ सेटमध्ये हरला, आणि वर्षभरात त्याने १३ सामने गमावले. सिनर मेलबर्नच्या अंतिम सामन्यात मेदवेदेवविरुद्ध ३-६, ३-६ असा मागे पडला होता, तेथून त्याने सामना काढला. त्याआधी उपांत्य सामन्यात त्याने जोकोविचला संपूर्ण सामन्यात एकही ब्रेक पॉइंट (सर्व्हिस भेदण्याची संधी) मिळू दिला नाही, आणि ग्रँड स्लॅममध्ये जोकोविचवर अशी वेळ त्यापूर्वी कधीही आली नव्हती. ऑलिंपिकला तर क्रमवारीचे गुणही नसतात. भावना मला कळते, पण भावनेने पहिला क्रमांक मिळत नाही.

यारा_काठी (मेलबर्न)

आपण दोघेही एकेरीवरच बोलत आहात, आणि त्या यादीत दहापैकी एकही कलम दुहेरीचे नाही, याचे मला अतिशय वाईट वाटले. २७ जानेवारीच्या रात्री मी ऑस्ट्रेलियन ओपनच्या मुख्य मैदानात, रॉड लेव्हर अरीनामध्ये होतो. महिलांचा अंतिम सामना संपला आणि माणसे उठून जाऊ लागली. माझ्या पुढची अख्खी रांग रिकामी झाली. उरलो ते आम्ही काही भारतीय, एब्डनसाठी आलेले ऑस्ट्रेलियन आणि थोडे इटालियन. ४३ वर्षांच्या रोहन बोपण्णाने पुरुष दुहेरीच्या अंतिम सामन्यात एब्डनच्या साथीने बोलेली आणि वावास्सोरी यांना ७-६, ७-५ असे हरवले, त्यातला टायब्रेक तर ७-०. खुल्या युगातला (१९६८ पासूनचा) सर्वांत वयस्क पुरुष ग्रँड स्लॅम विजेता आणि त्याच स्पर्धेने झालेला सर्वांत वयस्क अव्वल क्रमांकाचा खेळाडू. माझा मुलगा दहा वर्षांचा आहे. त्याने मला विचारले, ‘बाबा, लोक घरी का गेले?’ त्याला काय उत्तर द्यायचे ते मला सुचले नाही.

याच स्पर्धेत सुमित नागलने ३१ वे मानांकन असलेल्या बुब्लिकला हरवले, ही गोष्टही कोणाला आठवू नये? १९८९ मध्ये रमेश कृष्णनने विलँडरला हरवले, त्यानंतर ग्रँड स्लॅमच्या एकेरीत मानांकित खेळाडूला हरवणारा हा पहिला भारतीय पुरुष.

बालेवाडी_गेट

मेलबर्नकरांशी पूर्ण सहमत. २०२२ च्या फेब्रुवारीत बालेवाडीत याच बोपण्णाला रामकुमारबरोबर दुहेरी जिंकताना मी पाहिले आहे. २०२४ मध्ये त्या स्पर्धेची जागा हाँगकाँगला गेली आणि पुण्यात एटीपीच्या, म्हणजे पुरुष व्यावसायिक टेनिसच्या, मुख्य दौऱ्यातली स्पर्धाच उरली नाही. हंगामाची सुरुवात माझ्यासाठी या उणिवेने झाली.

औषधवाला (सांगली)

सगळ्यांचा मान राखून विचारतो: १९ ऑगस्टला सिनरने सिनसिनाटी जिंकली आणि २० ऑगस्टला जगाला कळले की मार्चमध्ये त्याच्या दोन चाचण्यांत क्लोस्टेबॉल हे बंदी असलेले स्टेरॉइड सापडले होते. पाच महिने! या गोष्टीचा यादीत उल्लेख नाही आणि धाग्यातही नाही. इंडियन वेल्सचे गुण आणि बक्षिसाची रक्कम काढून घेतली, बाकी ‘दोष नाही’ असा निर्णय झाला, आणि ‘वाडा’ या जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेचे त्यावरचे अपील २०२४ अखेरीस प्रलंबित होते.

मी सव्वीस वर्षे औषधांचे दुकान चालवतो. खोक्यावर काय छापले आहे ते वाचणे हाच माझा धंदा. हे द्रव्य ज्यातून आल्याचे सांगितले गेले, तो जखमेवर मारायचा स्प्रे इटलीत सहज मिळतो, पण त्याच्या खोक्यावर खेळाडूंसाठी ठळक इशारा छापलेला असतो. तो विकत घेणारा सिनरचा शारीरिक तयारीचा प्रशिक्षक स्वतः औषधशास्त्र शिकलेला. अशा माणसाकडून हे नजरचुकीने झाले, हे मी तरी मान्य करू शकत नाही.

मोकळा_खांदा

मी फिजिओथेरपिस्ट आहे, आणि आपल्या संशयाला माझे उत्तर थेट आहे. मालिश करणाऱ्याच्या बोटाला जखम होती, त्याने त्या बोटावर स्प्रे मारला, आणि हातमोजे न घालता तो रोज सिनरच्या अंगाला मालिश करत राहिला. सिनरच्या त्वचेवर पुरळ आणि खाजवल्याच्या खुणा होत्या. मी दिवसाला दहा-बारा रुग्ण हाताळतो. माझ्या हाताला लावलेल्या मलमाचा वास संध्याकाळी रुग्णाच्या सदऱ्याला येतो, हे मी स्वतः अनुभवले आहे. सापडलेले प्रमाण एक ग्रॅमच्या अब्जाव्या भागाहूनही कमी होते. तेवढ्याने फोरहँडचा वेग वाढत नाही. प्रशिक्षकाचा हलगर्जीपणा मान्य, पण त्याचे खापर खेळाडूच्या माथी मारून आपण त्याचे चारित्र्य रंगवत आहात, याचा मला राग येतो.

औषधवाला

चारित्र्याबद्दल मी एक अक्षर लिहिलेले नाही. माझे वाक्य पुन्हा वाचावे. खेळाडू आपल्या माणसांच्या चुकांना जबाबदार असतो, हा नियम मी केलेला नाही. आणि रागावण्याचा मक्ता केवळ आपल्याकडे आहे असे समजू नका.

उसाचा_फड (कोल्हापूर)

मला टेनिसमधले फार कळत नाही, पण हा विषय माझ्या घरात घडलेला आहे म्हणून लिहितो. माझा चुलतभाऊ वेटलिफ्टिंग करायचा, राज्य पातळीपर्यंत पोहोचला होता. व्यायामशाळेजवळच्या दुकानातून घेतलेल्या पावडरीने तो चाचणीत अडकला. डब्यावर त्या द्रव्याचे नाव नव्हते. पावडरीतच भेसळ होती हे सिद्ध करायला बाहेरच्या प्रयोगशाळेत तपासणी करावी लागेल असे सांगितले गेले, आणि तिचा खर्च काकांच्या वर्षभराच्या उसाच्या बिलापेक्षा जास्त निघाला. बंदी झाली आणि खेळ सुटला. तो डबा झाकणाला चिकटपट्टी लावून अजून माळ्यावर ठेवलेला आहे. काकू तो कोणाला टाकू देत नाहीत.

सिनर निर्दोष असेलही. पण त्याला काही दिवसांत वकील, तज्ज्ञ आणि सुनावणी मिळाली, तात्पुरती बंदी दोनदा लागून दोनदा उठली, आणि म्हणूनच त्याचे नाव बाहेर आले नाही. मोरोक्कोतल्या छोट्या स्पर्धेत याच क्लोस्टेबॉलमध्ये सापडलेल्या स्टेफानो बात्तालिनो या त्याच्याच देशाच्या खेळाडूनेही मालिशवाल्याकडूनच ते आल्याचे सांगितले होते. त्याला ते सिद्ध करता आले नाही. ४ वर्षे बंदी, आणि सप्टेंबरमध्ये क्रीडा लवादाने ती कायम केली. द्रव्य एक, कैफियत एक, आणि निकालात हे अंतर! या हंगामातली मला सगळ्यात लक्षात राहिलेली गोष्ट ही आहे.

मोकळा_खांदा

आपल्या भावाची हकिगत वाचून मी थांबलो. वरच्या प्रतिसादात माझा सूर चढला होता, तो मागे घेतो. मालिशीतून द्रव्य अंगात जाऊ शकते हे माझे म्हणणे कायम आहे; पण ते सिद्ध करण्याची ऐपत प्रत्येकाकडे नसते, हा मुद्दा मी विचारातच घेतला नव्हता.

लालमाती

धागा माझ्या हातून सुटला आहे, तरी तक्रार नाही, कारण उसाचा_फड यांनी लिहिले ते माझ्या लेखापेक्षा मोलाचे आहे. मात्र एक गोष्ट नाइलाजाने कबूल करतो. मनावर हा असला भार घेऊन सिनर ऑगस्टअखेरीस न्यूयॉर्कला उतरला, प्रत्येक पत्रकार परिषदेत त्याला तोच प्रश्न विचारला गेला, आणि तरी फ्रिट्झला सरळ सेटमध्ये हरवून तो जिंकला. अशा मनःस्थितीत चेंडू इतका स्वच्छ मारणे माझ्या आवडत्या दोघांनाही त्या पंधरवड्यात जमले नाही. अल्कराझ दुसऱ्या फेरीत बाद झाला, जोकोविच तिसऱ्या फेरीत पॉपिरिनकडून हरला. एवढे मान्य. वर्ष त्याचे, हे अजूनही अमान्य.

मलागाची_संध्याकाळ

नदालचे नाव कोणी घेतले नाही म्हणून एवढेच लिहितो. मे महिन्यात पॅरिसच्या पहिल्याच फेरीत झ्वेरेवकडून पराभव, आणि १९ नोव्हेंबरला मलागाच्या डेव्हिस करंडकात ४-६, ४-६ अशी शेवटची हार. राष्ट्रगीताच्या वेळी त्याचे डोळे भरून आले होते. सामना सुरू होण्याआधीच मला कळून चुकले की आता हा माणूस पुन्हा दिसणार नाही. २००२ नंतर प्रथमच फेडरर, नदाल आणि जोकोविच या तिघांपैकी एकालाही वर्षात ग्रँड स्लॅम मिळाले नाही, ही नोंद यादीत पहिली हवी होती.

आकडेमोड

दुहेरी मी पाहत नाही, म्हणून ती यादीत आली नाही. ही चूक माझी आहे, आणि यारा_काठी यांच्या मुलाचा प्रश्न मला लागला. बोपण्णाचे कलम वाढवतो. क्लोस्टेबॉलचेही वाढवतो, बात्तालिनोच्या नावासह. ‘उरलेसुरले’ हे वाक्य काढून टाकले आहे. मात्र पहिल्या कलमात सिनर आहे आणि तेथेच राहील. ७३ सामने जिंकणाऱ्याला तीन पराभवांसाठी खाली उतरवणे मला न्यायाचे वाटत नाही.

लालमाती

राहू द्या पहिल्या कलमात. पण त्याच कलमात बीजिंगचा निकालही पूर्ण लिहा: ६-७, ६-४, ७-६, आणि शेवटच्या टायब्रेकमध्ये ०-३ वरून सलग सात गुण.