आधी वजनं की आधी कार्डिओ? माझं मत: आधी वजनं, आणि तेही ठामपणे

दांडा_आणि_प्लेट

जिममध्ये शिरल्याशिरल्या ट्रेडमिल गाठायची, अर्धा-पाऊण तास दम निघेपर्यंत पळायचं (म्हणजे कार्डिओ) आणि मग उरल्यासुरल्या ताकदीवर स्क्वॉट (खांद्यावर दांडा घेऊन बैठका) मारायचे, ही पद्धत मला साफ चुकीची वाटते. बहुतेक लोक असंच करतात म्हणून हा धागा.

जड स्क्वॉट किंवा डेडलिफ्ट (जमिनीवरून दांडा उचलणं) करताना पाठीचा कणा सांभाळतो कोण? पोटात भरून घेतलेला श्वास आणि घट्ट आवळलेली कंबर. धाप लागलेली असेल तर तो श्वास दोन सेकंदही धरवत नाही. मग पाठीला बाक येतो, गुडघे आत वळतात. ट्रेडमिलवर दमलात तर वेग कमी करता येतो, पण खांद्यावरचा दांडा मध्येच हलका होत नाही. ज्या कामात चुकीची किंमत जास्त, ते ताज्या अंगाने करावं, एवढं साधं आहे.

दुसरं, हे निव्वळ माझं मत नाही. रॉबर्ट हिक्सन यांनी १९८० मध्ये १० आठवड्यांचा प्रयोग प्रसिद्ध केला. एक गट फक्त वजनं, एक फक्त कार्डिओ, एक दोन्ही. दोन्ही करणाऱ्यांची ताकद सुरुवातीला फक्त वजनं करणाऱ्यांसारखीच वाढली, पण सातव्या-आठव्या आठवड्यापासून थांबली आणि शेवटी घसरायला लागली. कार्डिओ ताकदीच्या आड येतो ही कल्पना तिथून पुढे आली.

५-१० मिनिटं हलकी सायकल जरूर करा. ते वॉर्मअप, त्याला मी कार्डिओ धरत नाही.

लांबपल्ला

पूर्ण असहमत. हिक्सन यांचा प्रयोग सांगितलात, पण त्यातलं प्रमाण नाही सांगितलं. त्या तिसऱ्या गटाने आठवड्यात ५ दिवस वजनं आणि ६ दिवस चांगलाच जोरकस कार्डिओ केला होता. इथे कोण करतं एवढं? आणि त्याच प्रयोगात दोन्ही करणाऱ्यांचा व्हीओटू मॅक्स (शरीर जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकतं याचं माप) फक्त कार्डिओ करणाऱ्यांइतकाच वाढला, हेही सांगायला हवं. शिवाय त्या प्रयोगात आधी काय आणि नंतर काय हा प्रश्नच नव्हता.

मी पळणारा माणूस आहे. स्क्वॉट झाल्यावर टेम्पो रन (जोरकस पण एकसारख्या वेगाने सलग पळणं) करून बघा. पावलं जड पडतात, टाच आपटते, कंबर खाली बसते. दमलेल्या पायांना त्याच वेगासाठी जास्त प्राणवायू लागतो. पोटरी आणि टाचेमागची शीर यांची दुखणी अशाच पळण्यातून सुरू होतात. तेव्हा "चुकीची किंमत" फक्त दांड्याखालीच मोजावी लागते हे मला मान्य नाही. ज्याचं ध्येय पळणं आहे त्याने आधी पळावं.

दांडा_आणि_प्लेट

@लांबपल्ला, प्रमाणाचा मुद्दा बरोबर आहे. मग क्रमावरच बोलू. एकाच सत्रात दोन्ही करणाऱ्यांवरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१८ मध्ये आला. वजनं आधी केलेल्यांच्या पायांची ताकद कार्डिओ आधी करणाऱ्यांपेक्षा सरासरी ७ टक्क्यांच्या आसपास जास्त वाढली. आणि व्हीओटू मॅक्स, स्नायूंचा आकार, चरबी? यात क्रमाने फरक पडला नाही.

म्हणजे वजनं आधी केल्याने दमसासात तोटा नाही, ताकदीत मात्र फायदा. सर्वसाधारण माणसाला दुसरा कोणता सल्ला द्यायचा?

लांबपल्ला

व्हीओटू मॅक्स हे फक्त एक माप झालं. चांगलं पळणं त्यापुढचं आहे. ठरलेल्या वेगाला किती कमी श्रमात धावता येतं, शेवटच्या टप्प्यात चाल किती टिकते, हे त्या एका आकड्यात दिसत नाही. माझं मुख्य सत्र मी थकलेल्या पायांनी करणार नाही. तुम्ही तरी जड डेडलिफ्ट थकलेल्या पाठीने करता का? नियम तुमचाच आहे, मी फक्त तो माझ्या खेळाला लावतोय.

हलकी_पावलं

दोघांचं वाचतेय. मला ना स्पर्धा पळायची आहे ना शंभर किलो उचलायचे आहेत, फक्त चरबी कमी करायची आहे. आमचे ट्रेनर म्हणतात, वजनांनी ग्लायकोजेन (स्नायूंत साठवलेली साखर) संपतं, मग लगेच कार्डिओ केला की थेट चरबी जळते. हे खरं का?

श्वासोच्छ्वास

@हलकी_पावलं, अर्धंच खरं. वजनांच्या नेहमीच्या सत्रात ग्लायकोजेन संपत वगैरे नाही. ज्या स्नायूंनी काम केलं त्यांतलं साधारण पाव ते चाळीस टक्के खर्च होतं. त्यानंतरच्या कार्डिओत चरबीचा वाटा थोडा वाढतो हे ठीक. पण त्या अर्ध्या तासात काय जळलं यावर वजन ठरत नाही. तिथे जास्त चरबी वापरली तर शरीर दिवसाच्या उरलेल्या तासांत कर्बोदकं जास्त वापरून हिशोब बराचसा बरोबरीला आणतं. खाल्लं किती आणि खर्च किती, यावरच गाडी येते. तुमच्यासाठी जो क्रम महिनोन्महिने टिकेल तो चांगला.

फक्त वजनं सोडू नका. कमी खाऊन वजन उतरवताना स्नायू राखायचे असतील तर ती हवीतच.

टाईप_वन

या चर्चेत एक बाजू आलीच नाही म्हणून लिहितो. मला टाईप १ मधुमेह आहे, इन्सुलिनवर आहे. आमच्यासारख्यांना क्रम हा आवडीनिवडीचा विषय नाही. सलग कार्डिओ करताना साखर झपाट्याने खाली येऊ शकते, आणि मग कापऱ्या हातांनी डंबेल उचलणं हा सरळ धोका. टाईप १ असलेल्यांवर २०१२ मध्ये एक छोटा अभ्यास झाला होता. त्यात वजनं आधी आणि कार्डिओ नंतर केला तेव्हा व्यायामादरम्यान साखर जास्त स्थिर राहिली. माझा स्वतःचा अनुभवही तसाच आहे. पण ज्याची साखर सुरुवातीलाच चढलेली असते त्याचं गणित वेगळं होऊ शकतं. म्हणून डॉक्टरांशी बोलून, मोजत मोजतच करा. कृपया धागा वाचून इन्सुलिनचा डोस बदलू नका.

पन्नाशीपार

मी विरुद्ध बाजूने लिहिते. माझ्या वयाच्या बायकांचा गट एकत्र व्यायाम करतो. शेवटी ठेवलेला कार्डिओ होत नाही, हे मी रोज बघते. वजनं झाली की घरची आठवण येते, पाणी पिऊन सगळ्या निघतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचना बघा: आठवड्याला मध्यम जोराचा कार्डिओ १५० ते ३०० मिनिटं, आणि स्नायूंचा व्यायाम किमान २ दिवस. मिनिटं कशाची जास्त आहेत ते दिसतंच. जे बुडतं ते आधी उरकावं. हृदयासाठी ७ टक्के ताकद सोडायला मी एका पायावर तयार आहे.

दांडा_आणि_प्लेट

@पन्नाशीपार, इथे मी तुमच्याशी जोरात वाद घालणार, आणि काळजीपोटी घालणार. चालणं जिमबाहेरही होतं. संध्याकाळी होतं, मैत्रिणींबरोबर होतं, फोनवर बोलता बोलता होतं. वजनं मात्र जिममध्येच होतात, आणि पाळी थांबल्यानंतर हाडांची घनता वेगाने घटत असताना तीच सगळ्यात आधी टाळली जातात. खुर्चीतून हात न टेकता उठता येणं, पडता पडता सावरता येणं, हे मांड्यांच्या ताकदीवर आहे. तुमच्या गटाने अर्धा तास ट्रेडमिलवर घालवून मग हलके गुलाबी डंबेल दोन मिनिटं हलवले, तर ते २ दिवस कागदावरच राहतात.

पन्नाशीपार

आमचे डंबेल गुलाबी नाहीत, आणि दर काही आठवड्यांनी ते वाढतात. पण चालणं बाहेर होऊ शकतं हा मुद्दा विचार करण्यासारखा आहे. मग एकाच सत्रात दोन्ही कोंबायचंच कशाला? दिवस वेगळे केले तर?

श्वासोच्छ्वास

वेळ असेल तर तेच उत्तम. स्नायूंच्या पेशीत एएमपीके आणि एमटीओआर अशा दोन यंत्रणा आहेत. दमवणाऱ्या व्यायामात पहिली जागी होते आणि ती दुसरीला, म्हणजे स्नायू बांधणारीला, आवर घालते. माणसांत याचा प्रत्यक्ष परिणाम किती, यावर अजून वाद आहेत. २०२२ च्या मोठ्या आढाव्यात दोन्ही केल्याने स्नायूंची वाढ किंवा कमाल ताकद घटल्याचं दिसलं नाही. फटका बसला तो स्फोटक ताकदीला, म्हणजे उडी वगैरे, आणि तोही मुख्यतः दोन्ही एकाच सत्रात केल्यावर. म्हणून जमल्यास सकाळी एक, संध्याकाळी एक, मध्ये किमान ६ तास. नाहीतर वेगळे दिवस.

आणि बेंच प्रेसच्या दिवशी हा वाद फारसा उरत नाही. पळून आल्यावर थकवा मुख्यतः पायांत असतो, छाती-खांद्यांना त्याची झळ कमी.

लांबपल्ला

यावर मात्र एकमत. मी पाठ-खांदे पळून आल्यावरच करतो. पायांची वजनं वेगळ्या दिवशी, आणि दुसऱ्या दिवशी वेगाचं सत्र ठेवत नाही, कारण पाय निदान दिवसभर तरी जड राहतात. पण एकाच सत्रात दोन्ही आले तर आधी पळणार, हे कायम.

दांडा_आणि_प्लेट

आणि मी आधी दांडा उचलणार, हेही कायम. @हलकी_पावलं, तुम्ही कुठून सुरुवात करणार?

हलकी_पावलं

आठवड्यात तीन दिवस वजनं, त्यानंतर वीस मिनिटं सायकल. पळणं नको, गुडघा कुरकुरतो. बाकीचे दिवस चालणं. ट्रेनरना उद्या सांगते.

श्वासोच्छ्वास

सायकल चांगली निवड. पळताना प्रत्येक पावलाला आदळणं असतं, त्याने स्नायू जास्त दुखावतात. सायकलवर ते नाही. सीटची उंची नीट लावून घ्या, पॅडल खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे. आणि कुरकुर वाढली तर आधी गुडघा दाखवून घ्या.