'दुष्काळ'ला काय जुळतं? यमक, अंत्ययमक आणि काफिया

पांदण
कलापथकासाठीच्या गीताचा मुखडा 'दुष्काळ' या शब्दावर संपतो. तीन कडवी आहेत, त्यांना पुरतील एवढे जुळणारे शब्द हवेत. दुसरी शंका नावाची. शाळेच्या व्याकरणात ओळीच्या शेवटी जुळतं ते 'अंत्ययमक'. गझलेवरच्या मराठी लिखाणात मात्र 'यमक' वेगळं आणि 'अंत्ययमक' वेगळं. मग काफिया कशाला म्हणायचं आणि रदीफ कशाला?

गोदाकाठ
आधी नावाचा गुंता सोडवू. 'अंत्ययमक' हा एकच शब्द मराठीत दोन अर्थांनी चालतो. अलंकार शिकवताना चरणाच्या शेवटी येणाऱ्या कुठल्याही यमकाला अंत्ययमक म्हणतात. सुरेश भटांनी 'गझलेची बाराखडी'त काफियाला 'यमक' म्हटलं आणि रदीफला 'अंत्ययमक', कारण रदीफ खरोखरच सगळ्यात शेवटी येतो. म्हणजे शाळेतलं अंत्ययमक गझलेत गेलं की बहुतेक वेळा काफिया होतं. कुणी 'अंत्ययमक चुकलंय' म्हणालं, तर तो कवितेबद्दल बोलतोय की गझलेबद्दल, हे आधी विचारा.

नमुन्याला दोन ओळी :

डोक्यावरी हे कोरडे आभाळ आहे
रानात या आला पुन्हा दुष्काळ आहे

इथं 'आहे' जसाच्या तसा दोन्हीकडं आला, तो रदीफ. 'आभाळ–दुष्काळ' हा काफिया. शेवटच्या 'ळ'च्या आधीचा 'आ' हा स्वर म्हणजे अलामत. तो स्वर पुढच्या प्रत्येक शेरात, म्हणजे गझलेतल्या दोन ओळींच्या जोडीत, सांभाळावाच लागतो. 'वावटळ', 'ढेकूळ' यांतही शेवटी ळ आहे, पण आधी आ नाही. म्हणून ते या गझलेत बसत नाहीत.

रदीफ हा अरबी शब्द. मूळ अर्थ, घोड्यावर स्वाराच्या मागं बसणारा. तेवढा अर्थ लक्षात ठेवला की रदीफ आणि काफिया यांची अदलाबदल होत नाही. मागं बसणारा तोच राहतो, पुढचा स्वार दर शेरात बदलतो. वली आणि सिराज या जुन्या कवींच्या औरंगाबादेत हे शब्द दखनी उर्दूबरोबर चांगलेच रुळले होते. मराठी गझल फार नंतरची.

काळी माती
आता शब्द सापडायचे कसे, ते सांगतो. शब्दकोश इथं कामाचा नाही. मोल्सवर्थ घ्या की आणखी कुठला, सगळे पहिल्या अक्षरावर लावलेले. यमक तर शेपटाशी असतं. म्हणून शब्द उलटा धरायचा.

'दुष्काळ'चं शेपूट 'आळ'. ते कागदावर लिहा आणि त्याच्यापुढं क पासून एकेक व्यंजन लावत जा : काळ, गाळ, चाळ, जाळ, टाळ, डाळ, नाळ, फाळ, बाळ, भाळ, माळ, राळ, लाळ, साळ. मध्ये ख, घ, छ, झ येतात, तिथं काही निघालं नाही तर थांबायचं नाही. ही फेरी पाच मिनिटांची. बहुतेक लोक इथंच वही मिटतात. खरा माल दुसऱ्या फेरीत असतो, शेपटाआधी आणखी एकदोन अक्षरं घेऊन : आभाळ, पाताळ, कपाळ, घायाळ, जंजाळ, शेवाळ, ओढाळ, मधाळ, खडकाळ, गव्हाळ, वेल्हाळ. दुष्काळाच्या गीताला यातले खडकाळ, ओढाळ, फाळ, नाळ, जाळ हे शब्द विषयातून आलेले वाटतात. 'वेल्हाळ' आणि 'मधाळ' जुळतात, पण दुष्काळात ते ओढून आणलेले दिसतील.

तिसरी फेरी आकार बघायची. वरच्या ओळींचं वृत्त गागालगा गागालगा गागालगागा (गा म्हणजे गुरू, ल म्हणजे लघू). शेवटच्या तुकड्यात 'आभाळ आहे' चपखल बसतं. 'पाताळ', 'घायाळ', 'जंजाळ' हेही बसतात. 'जाळ' बसवायचा तर आधी एक गुरू अक्षर लागतं, जसं 'हा जाळ आहे'. 'खडकाळ' बसतो, कारण ख आणि ड मिळून एका गुरूची जागा भरतात. 'कपाळ' मात्र बसत नाही. त्याचा पहिला 'क' लघू, आणि तिथं वृत्ताला गुरू हवा. शब्द जुळतोय आणि ओळ अडखळतेय असं झालं की दहात नऊ वेळा गोम इथं असते.

अभंगात ही कटकट नाही. तिथं लघू-गुरू न बघता अक्षरं मोजायची. मोठ्या अभंगाचा साचा ६-६-६-४, आणि यमक दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाला :

नांगर पडून
कोरडे आभाळ
चुलीला ना जाळ
सांगू कोणा

चौथा चरण मोकळा. म्हणून एका कडव्याला जुळणारे दोनच शब्द पुरतात, आणि पुढच्या कडव्याला शेपूट बदललं तरी चालतं. ग्रांथिक ओवीला तीन लागतात, कारण तिथं पहिले तीन चरण जुळतात. गझलेत मात्र उधारी वाढत जाते. पाच शेरांना सहा काफिये, मतल्यात, म्हणजे पहिल्या शेरात, दोन आणि पुढच्या चार शेरांत एकेक. सातांना आठ. वृत्त, काफिया आणि रदीफ मिळून गझलेची 'जमीन' होते. हाताशी निदान पंधरा शब्द नसतील तर त्या जमिनीत गझल पेरूच नये. निम्मे शब्द अर्थाला नाहीतर वृत्ताला नापास होतात.

गीताचा हिशोब निराळा. कडव्यातल्या ओळी आपसांत काहीही जुळू द्या, पण ध्रुवपदाकडं परत नेणारी शेवटची ओळ मुखड्याशी जुळायला हवी. तीन कडव्यांना 'आळ'चे तीनच चांगले शब्द लागतील. तेवढे वर आहेत.

पांदण
सुकाळ, संध्याकाळ, सकाळ हे का गाळले? सगळ्यात आधी तेच सुचतात.

बालाघाट
सुचतात आधी, म्हणूनच बाजूला ठेवायचे. दुष्काळ, सुकाळ, संध्याकाळ या तिन्हींत शेवटचा तुकडा एकच, 'काळ'. कान जुळणी शोधत असतो, त्याला तोच शब्द परत मिळतो. मतल्यात असे दोन काफिये आले तर उर्दूवाले त्याला ईता म्हणतात आणि दोष धरतात. 'सकाळ'ही मुळात त्याच काळातून आलेली, पण जोड आता कानाला जाणवत नाही, म्हणून ती खपून जाते.

काळी माती
गझलेपुरतं मान्य. गीतात दुष्काळ आणि सुकाळ समोरासमोर ठेवणं हा मुद्दाम केलेला विरोध असू शकतो, तो दोष नाही. एकदाच करा मात्र.

गोदाकाठ
सगळ्यात मोठं दुखणं क्रियापदाचं. मराठी वाक्य क्रियापदावर संपतं. त्यामुळं नवख्याची प्रत्येक ओळ -तो, -ते, -ला वर येते आणि यमक फुकट मिळाल्यासारखं वाटतं. 'करतो–बसतो' यात जुळला तो फक्त प्रत्यय. 'करतो–मरतो–हरतो' यात धातूही जुळला, रतो–रतो. कसोटी सोपी : प्रत्यय काढून टाका, उरलेला भाग जुळतो का बघा. विभक्तीलाही हेच. 'शिवारात–आभाळात' यात नुसता 'आत' जुळला. 'शिवारात–अंधारात' पक्कं. प्रत्ययावरचं यमक टाळायचं तर क्रियापद ओळीच्या मध्ये ओढा आणि नाम शेवटी ठेवा. पद्यात ते खपतं.

आणि अक्षरावर नका जाऊ, उच्चारावर जा. 'वाचा' म्हणजे वाणी, त्यातला च तालव्य, 'चार'मधला. 'पुस्तक वाचा'तला च दंत्य, 'चाक'मधला, तो 'साचा', 'नाचा'शी जुळतो. लिहिताना दोन्ही सारखेच. ल आणि ळ यांना आपला कान लगेच वेगळं काढतो, 'जाल' आणि 'जाळ' यमक नव्हे. न-ण मध्ये मात्र फसगत फार. रान, पान, तहान, दुकान, इमान एका माळेत येतात. 'गहाण' त्यात घुसवतात, पण तो ण. बोलीत लिहीत असाल आणि गाणारा 'पानी' म्हणणारच असेल, तर 'पानी–वानी' ठीक. मग सगळं गीत त्याच बोलीत हवं. एका ओळीत 'झालं' आणि जुळणीला 'आले', असं धेडगुजरी चालणार नाही.

बालाघाट
बोलीवरून एक इशारा. 'कुठं जायलास?', 'मी जायलो' हे आपल्याकडं चालू असलेल्या कामाचं रूप. 'जायलो–गायलो' यमक कानाला छान लागतं. पण 'मी गायलो' हे प्रमाण मराठीत भूतकाळ, गाऊन झालं. लातूर-नांदेडचा माणूस 'गातोय' असं ऐकेल, पुण्याचा 'गायलं होतं' असं. आधीच्या ओळीत 'आत्ता' किंवा 'अजून' टाका, मग घोळ होत नाही.

पांदण
मुखडा दुष्काळवर आणि पहिलं कडवं जाळवर, हे ठरलं. दोन्हींपैकी कोणता शब्द ओळीत आधी यावा, याला काही नियम?

काळी माती
नियम नाही, युक्ती आहे. दोनांतला जो शब्द ओढून आणल्यासारखा वाटतो, तो आधीच्या ओळीत टाका. सहज वाटणारा नंतरच्या. ऐकणाऱ्याला पहिल्या ओळीत अजून जुळणीची वाट नसते, म्हणून तिथं कष्ट दिसत नाहीत. दुसऱ्या ओळीत सोपा शब्द आला की बेत जमल्यासारखा होतो. उलट केलं तर यमकासाठी ओळ लिहिल्याचं लगेच उघडं पडतं. पाणी–गाणी–राणी ही जोडी मात्र दोन्ही ओळींत झिजलेली आहे.

पांदण
शेवटचं. 'परभणी'ला पेरणी चालेल ना?

गोदाकाठ
कागदावर चालतं, म्हणताना हलकं पडतं. आपण 'पेर्णी' म्हणतो, मधला अ गिळतो. 'परभणी'त भ मधला अ पूर्ण उच्चारतात. म्हणून मळणी, कापणी, काढणी हेही कच्चेच. 'खुरपणी' आणि 'कोळपणी' घ्या. चार अक्षरं, णी आधीचा अ शाबूत, आणि परभणीसारखाच झोक. चालीत 'पे-र-णी' असं लांबवून म्हणणार असाल तर तीही घ्या, पण तसं गाणाऱ्याला आधी सांगून ठेवा.